‘नीरव शांतता’ नावाचे असत्य

सातारा जिल्ह्यातील बामणोलीहून लाँचने तापोळ्यास जाऊन आलेल्या मराठी माणसाने त्या प्रवासाविषयी काही लिहिले, की त्यात तीन गोष्टी हमखास येतात : निळेशार पाणी, नीरव शांतता आणि ‘मिनी काश्मीर’. पदव्युत्तर वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांकडून एकेक प्रवासलेख लिहवून घेतो आणि दरवर्षी हेच तीन शब्दप्रयोग आमच्या हाती येतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही त्यांना जे वाचावयास दिले, त्याचेच हे पीक आहे. म्हणून हा वाद आम्ही प्रथम स्वतःशी आणि मग आमच्या व्यवसायबंधूंशी घालीत आहोत.

शिवसागर हे निसर्गदत्त सरोवर नाही. १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिले आणि पाटणपासून जावळीमार्गे थेट महाबळेश्वर तालुक्यापर्यंतची दरी पाण्याने भरली. गावे उठली, माणसे रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे त्यांची घरे बुडून गेल्यानंतर. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आले, २०१० मध्ये व्याघ्रप्रकल्प. जे पलीकडच्या काठावर राहिले, त्यांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी लाँच आणि तराफा यांचाच आधार उरला. आज ज्या शांततेवर आपण लुब्ध होतो, ती अशी टप्प्याटप्प्याने घडविली गेलेली आहे. तिला ‘नीरव’ म्हणून मोकळे होणे हे वर्णन नव्हे. ते विस्मरण आहे.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका धरणग्रस्त वसाहतीतून आलेल्या विद्यार्थिनीने याच प्रवासावर लेख लिहिला होता. दोन पाने पाणी आणि डोंगर झाल्यावर तिने आजीविषयी लिहिले. वैशाखात पाणी उतरले, की आजी लाँचमधून बोट दाखवून आपल्या घराचे जोते कोठे होते ते सांगे आणि तेथून पुढे तापोळा येईपर्यंत गप्प बसे. त्या परिच्छेदाच्या समासात तांबड्या शाईने शेरा होता : ‘विषयांतर’. तो शेरा आम्हांपैकीच एकाच्या हातचा. त्या लेखातील विषय तेवढाच होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

यावर आक्षेप ठाऊक आहे : प्रवासवर्णन म्हणजे शासकीय अहवाल नव्हे, आनंदासाठी लिहिणाऱ्याच्या खांद्यावर सामाजिक बांधिलकीचे जू कशाला? हा आक्षेप ज्यांच्या मनात आहे, त्यांनी इंग्लंडातील कालव्यांची कथा पाहावी. स्किप्टनसारख्या उत्तरेकडील गावात कालव्याने संथपणे शिरण्याचे सुख आता आपल्याकडच्या पर्यटकांनाही परिचित होऊ लागले आहे. पण स्किप्टनला १७७३ साली पोचलेला तो कालवा मालवाहतुकीसाठी खणलेला होता. तशा कालव्यांवरील जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नावांवर कुटुंबेच्या कुटुंबे राबत आणि इवल्याशा खोपीत संसार करीत. विसाव्या शतकाच्या मध्यास हे सारे मोडकळीस आले असता एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून प्रवास केला आणि १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात संथ पाण्याचा आनंद भरपूर आहे. त्याच आनंदात नावाडी कुटुंबांचे कसब, नावांवर रंगविलेले गुलाब आणि किल्ले, त्यांचे सरत चाललेले जगणेही आहे. पुस्तकामुळे जमलेल्या माणसांनी १९४६ मध्ये जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था काढली. आज पर्यटक ज्या कालव्यांतून फिरतात, त्यांतले कित्येक बुजले नाहीत याचे काही श्रेय एका प्रवासवर्णनाकडे जाते. माणसे पाहिल्याने रोल्टचे लालित्य उणावले नाही.

आपल्याकडे पाण्यावरची माणसे वाङ्मयात येतात ती कादंबरीत. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांचे जग उभे केले. आम्ही ती कादंबरी एका तासाला शिकवितो आणि पुढच्या तासाला ‘निळेशार पाणी’ वाखाणतो. दोन्ही तासांतले पाणी एकाच जातीचे आहे, हे मात्र आम्ही वर्गात उच्चारीत नाही.

हेच कोयनेचे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळून सांगलीकडे जाते. त्याच कृष्णाकाठी ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून सुटका करून घेणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. नाव हे वाहन आपल्या मुलखात कुणासाठी सहल आहे, कुणासाठी रोजची वाट, कुणासाठी अखेरची आशा. हे तिन्ही अर्थ ज्याच्या कानी पडत नाहीत, त्याने जलप्रवासाचे ललित लिहू नये असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आम्ही ते यापुढे वर्गात आदर्श म्हणून ठेवणार नाही.

येत्या सत्रात प्रवासलेखाचा विषय तोच राहील, बामणोली ते तापोळा. अट एवढीच, की लाँच चालविणाऱ्याशी आणि बाजार करून परतणाऱ्या एका तरी प्रवाशाशी बोलल्यावाचून लेखणी उचलायची नाही. आणि समासात ‘विषयांतर’ लिहिण्यापूर्वी आम्हीही ते पान दुसऱ्यांदा वाचू.