‘सगळं बरं आहे’ म्हणणाऱ्या बाईविषयी



समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका प्रसूतिगृहात कामाला लागले, तेव्हा माझ्या हातात एक प्रश्नावली असायची. झोप लागते का, सारखे रडू येते का, जीव नकोसा वाटतो का. बहुतेक जणींचे उत्तर एकच, ‘सगळं बरं आहे, ताई.’ मी तसे लिहून घ्यायचे. एकदा कागद पिशवीत टाकून उठले, तर एक बाळंतीण हळूच म्हणाली, ‘हे लिहिलेलं कोण कोण वाचतं?’ तिथली आया तिच्याच गल्लीत राहत होती. मी जिला ‘न बोलणारी’ समजत होते, ती पुरता विचार करून गप्प बसली होती.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गरोदर स्त्रियांच्या मानसिक आरोग्याविषयी वाचताना मला तिचाच प्रश्न आठवतो. विषय दूरचा वाटेल, पण नाते जुने आहे. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. त्या मुक्त झालेल्यांच्या लेकी-नातींचे बाळंतपण आजही सुरक्षित नाही. २०२३ साली तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांत हे प्रमाण १४.५ होते. हे झाले शरीराचे. मनाचे काय? न्यू जर्सी राज्यातील गरीब बाळंतिणींचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर नैराश्यावर उपचार सुरू झालेल्या गोऱ्या स्त्रिया सुमारे ९ टक्के होत्या, कृष्णवर्णीय फक्त ४ टक्के.

असे का, म्हणून विचारले की ठरलेले उत्तर मिळते. त्यांच्या समाजात मनाच्या आजाराची लाज वाटते, त्या देवळात—म्हणजे चर्चमध्ये—जातात, डॉक्टरकडे जात नाहीत. यात तथ्य नाही असे नाही. पण हे अर्धेच सत्य आहे आणि ते सगळा दोष बाईवर टाकून मोकळे होते.

दुसरे अर्धे पाहू या. १८४० च्या दशकात अलाबामातील डॉक्टर मॅरियन सिम्सने अनार्का, बेट्सी, ल्यूसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि ‘स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हणून नाव मिळवले. न्यूयॉर्कमधला त्याचा पुतळा हटायला २०१८ साल उजाडावे लागले. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर १९८९ साली चार्ल्स्टनमधील एका सार्वजनिक रुग्णालयाने गरोदर स्त्रियांची लघवी त्यांना न सांगता अमली पदार्थांसाठी तपासून निकाल पोलिसांना द्यायला सुरुवात केली. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. हे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००१ साली. फ्लोरिडातील १९९० च्या एका अभ्यासात तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय गरोदर स्त्रियांत व्यसनाचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. पण सरकारकडे तक्रार गेली ती कृष्णवर्णीय स्त्रियांची सुमारे दहापट.

आता सांगा, ‘मला बाळ नकोसं वाटतं, रात्री भलतेसलते विचार येतात’ असे तिने दवाखान्यात का सांगावे? ऐकणारी परिचारिका किंवा समाजकार्यकर्ती कायद्याने तक्रार करायला बांधलेली असते. बाळ काढून नेतील ही तिची भीती उगाच नाही. ही तक्रार लिहिणारी माझ्याच व्यवसायातली असते, म्हणून मला हे अधिक बोचते.

त्यात भर ‘कणखर काळी बाई’ या प्रतिमेची. कितीही ओझे टाका, ती वाकत नाही! कौतुकाच्या शब्दांत गुंडाळलेली ही वेठबिगारीच. आपल्याकडे ‘सोशिक’ म्हणून बाईचा जो गौरव होतो, त्याची ही सख्खी बहीण. अशी बाई ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. डोके दुखते, थकवा येतो, चिडचिड होते, असे म्हणते. आणि प्रश्नावली रडू आले का तेवढे विचारून पुढे जाते.

म्हणून ‘संस्कृतीला साजेशी सेवा’ म्हणजे भिंतीवर कृष्णवर्णीय आईचे चित्र लावणे नव्हे. विचारणारी आपल्या रंगाची असली की भागले, असेही नव्हे. तिच्याही हातात तोच तक्रारीचा फॉर्म असेल तर फरक काय? कोण विचारते, कोणत्या शब्दांत विचारते आणि उत्तर पुढे कुठे जाते, या तिन्ही गोष्टी बदलायला हव्यात. माझ्या मते तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. आजाराची विचारपूस आणि शिक्षेची यंत्रणा यांची फारकत झाल्याशिवाय पहिल्या दोन सुधारणा वरवरच्याच राहतील.

वाट दाखवली आहे ती तिथल्या स्त्रियांनीच. बायली एव्हरी यांनी १९८३ साली कृष्णवर्णीय स्त्रियांचा आरोग्य प्रकल्प उभा केला. बायका गोल करून बसत आणि आधी एकमेकींचे ऐकत. १९९४ साली शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ‘प्रजनन न्याय’ हा शब्द दिला: मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क आणि झालेले मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क. वॉशिंग्टनची मामाटोटो व्हिलेज ही संस्था वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन बाळंतिणींच्या सोबतीला पाठवते. गंभीर आजारात डॉक्टर आणि औषध लागणारच. पण तिथपर्यंत धरून नेणारा हात विश्वासाचा हवा. आणि त्या हाताला पगार हवा. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सेवाभावावर सरकारने फुकटात योजना चालवणे हेही शोषणच.

गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे संरक्षण पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपू शकत असे. २०२१ च्या कायद्याने ते वर्षभर देण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ते दिले. ही चळवळीची कमाई आहे. पण विमा दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर बाई खरे बोलेल की नाही, ते आत बसलेल्यांवर ठरते.

आपणही गटागटांतून पाहण्या करतो, फॉर्म भरून घेतो. पुढच्या वेळी पहिला प्रश्न विचारण्याआधी तिला सांगू या, हे कोण वाचणार आणि कोण नाही. आणि ते आपल्याला सांगता येत नसेल, तर प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला अजून मिळालेला नाही.