शितावरून भात

मराठीच्या प्राध्यापकाला एक खोड असते. कुठे चार ओळी कानावर पडल्या की त्या कुणाच्या, हे सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. नुसत्या क्रियापदाच्या वळणावरून बखरीचे गद्य कोणते आणि महानुभावांचे कोणते हे ओळखता आले की स्वारी दिवसभर खुशीत असते. परीक्षेत आम्ही 'संदर्भासहित स्पष्टीकरण' मागतो ते याच खोडीपायी. शितावरून भाताची परीक्षा, दुसरे काय!

गेल्या चाचणीत आमच्या भाचेबुवांनी तुकोबांच्या ओळी खुशाल समर्थांच्या पदरात टाकल्या. पेपर मीच तपासला, तेव्हा तक्रार करायलाही जागा नव्हती.

हा भाचा म्हणजे सांगलीच्या ताईचा धाकटा. बारावी झाल्यावर "पाठव माझ्याकडे, माझ्या नजरेखाली बी. ए. होईल" असे ताईला मीच सांगितले होते. त्याच्या मनात काय आहे हे कुणी विचारले नाही; मी तर नाहीच नाही. आता भाऊबीजेला सांगलीस जायचे, ताई ओवाळणार, आणि पाट उचलायच्या आत विचारणार, "कसं चाललंय रे त्याचं?" माझे उत्तर ठरलेले होते : पोराचे कशात म्हणून लक्ष नाही. घरी ने आणि भावोजींच्या दुकानात बसव.

अशात दसऱ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी त्याचे तीन-चार मित्र आमच्या गच्चीवर जमले. हसणे-ओरडणे जरा जास्तच झाले, म्हणून मी रागावण्याच्या तयारीने वर गेलो. पाहतो तो पोरे एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली. खेळ असा : मोटारीच्या एखाद्या भागाचे अगदी जवळून घेतलेले चित्र दाखवायचे आणि बाकीच्यांनी मोटार ओळखायची. नियम एकच, नाव किंवा बिल्ला दिसता कामा नये.

"मामा, हे ओळखा बरं," भाचा म्हणाला.

पत्र्यात उभ्या चिरा पाडलेल्या होत्या. "जीप!" मी रुबाबात म्हटले.

"ते झालंच. पण कुठली?" त्याने चिरा मोजून दाखवल्या. नऊ. "म्हणजे ही लढाईतली. 1945 पासून साध्या गिऱ्हाइकांसाठी विलीजची जीप निघाली, तिला सातच."

पुढचे चित्र मागच्या काचेचे, मधोमध उभी पट्टी असलेल्या. फोक्सवॅगनचे बीटल, आणि फार तर 1953 च्या आरंभीचे. कारण त्यानंतर एकसंध लंबगोल काच आली. मग दोन आसनांच्या मधोमध किल्लीचे भोक. ही स्वीडनची साब! किल्ली अशा जागी लावण्याची तिची पद्धत प्रसिद्धच. मग खिडकीच्या काचेची मागची कड, खाली उतरता उतरता पुढे मुडपलेली. एक मित्र ओरडला, "बीएमडब्ल्यू!" भाचा म्हणाला, "बरोबर. 1961 च्या 1500 पासून त्यांचं हे वळण. होफमाइस्टर म्हणून त्यांचे अधिकारी होते, त्यांच्या नावानं ओळखतात. पण एवढ्यावर विसंबायचं नाही हं. असं वळण दुसऱ्यांनीही घेतलंय. शेजारी आणखी काय दिसतं ते बघावं."

मी चाटच पडलो. एका पुराव्यावर विसंबू नये, हे मी एम. ए.च्या वर्गाला सांगून दमलो आहे!

"तू हे ओळखतोस तरी कसं?" मी विचारले.

"आधी काळ बघायचा, मामा. चकचकीत मुलामा दिलेली पट्टी असेल तर गाडी बहुधा जुनी, प्लास्टिक असेल तर अलीकडची. मग देश. मग घराणं. ते कळलं की गाडी आपोआप सापडते."

जुनी पोथी हाती आली की आम्ही तरी काय करतो? आधी अक्षराचे वळण, मग भाषा, मग संप्रदाय. पोराला पद्धत कुणी शिकवली नव्हती. त्याने ती आवडीने कमावली होती.

शेवटचे चित्र मात्र कुणाला येईना. दुधी रंगाच्या पत्र्याचा छोटा पंख आणि त्याच्या टोकाला उभा, अरुंद लाल दिवा. कुणी म्हणे इंग्लिश, कुणी म्हणे अमेरिकन. माझ्या तोंडून नकळत निघून गेले, "पद्मिनी."

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती फियाट 1100. 1974 पासून तिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची झाली, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला. पण हे मला आठवले ते मागाहून. त्या क्षणी आठवले ते आमचे फाटक. वडिलांनी गाडी विकली तेव्हा मी शाळकरी होतो. नवा मालक गाडी घेऊन निघाला. जाणाऱ्या गाडीचे तोंड कुठे दिसते? कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पाहत राहिलो ते हे दोन लाल दिवे.

"आजोबांचीच गाडी आहे ती," भाचा हळूच म्हणाला. "आईच्या अल्बममधल्या फोटोचा कोपरा कापून घेतला. म्हटलं, तुम्ही ओळखता का बघू."

रात्री जेवताना सौभाग्यवतींना सारी हकीकत सांगितली. त्या भात वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, शितावरून भात कळतो, पण तो शिजवणाऱ्याला. पोरानं आपलं चित्त कुठल्या चुलीवर ठेवलंय, ते तुम्ही कधी पाहिलंत का?"

खरे होते. मीही शितावरूनच परीक्षा केली होती. फक्त शीत उचलले होते ते भलत्याच पातेल्यातले. ज्या मुलाला लक्ष नाही म्हणून मी दुकानात धाडायला निघालो होतो, त्याच्याइतके लक्ष माझ्या वर्गात फार थोड्यांना असेल. नजर कमी पडली ती माझी.

तेव्हा या भाऊबीजेला ताईने विचारले की सांगणार आहे, सल्ला माझा चुकला. पुढच्या वर्षी त्याला मोटारींच्या पदविकेला घालू. वर्षभराचा तोटा झाला त्याचा दोष माझा आणि पहिल्या वर्षाची फीही माझ्याकडे. ओवाळणी म्हणून एवढेच.

तोवर मराठीचा पेपर आहेच. भाच्याने अट घातली आहे : तुकोबा आणि समर्थ यांची वळणे मामांनी त्याला मोटारींसारखी जवळून दाखवावीत. कालपासून शिकवणी सुरू झाली आहे. पहिल्याच दिवशी त्याने पाचातल्या चार ओळी ओळखल्या, आणि पाचवीला म्हणाला, "मामा, एवढ्यावर विसंबू नये. शेजारची ओळ दाखवा."