नशिराबाद : जवळून जाणारा मार्ग आणि गांवाचा मार्ग

भूगोलाच्या पुस्तकांत लोकसंख्या आणि दळणवळण हे दोन विषय निरनिराळ्या मथळ्यांखालीं दिलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतात व परीक्षा संपली म्हणजे विसरतात. वास्तविक या दोहोंचा संबंध अत्यंत निकटचा आहे. त्याचें उदाहरण पाहण्यास आम्हां खानदेशवासीयांस दूर जावयास नको. जळगांवाहून भुसावळास जातांना सुमारें १० किलोमीटरवर नशिराबाद लागतें, तेंच पुरेसें आहे.

नशिराबाद हें जुनें गांव. काचेच्या बांगड्यांविषयीं त्याची एके काळीं ख्याति होती. १९०१ सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती १२ हजारांवर भरली. त्याच वेळीं जळगांव व भुसावळ यांची वस्ती प्रत्येकीं १६ हजारांच्या घरांत होती. म्हणजे तिघांत फारसें अंतर नव्हतें. पुढें २०११ च्या जनगणनेंत जळगांव ४ लाख ६० हजारांवर व भुसावळ १ लाख ८७ हजारांवर गेलें. नशिराबाद मात्र त्या मानानें पुष्कळच मागें राहिलें.

असें कां व्हावें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी. आय. पी. रेल्वे खानदेशांत आली. तिचे रूळ नशिराबादेच्या उत्तरेकडून, दोन मैलांवरून गेले, व स्थानक भादली येथें झालें. भुसावळ हें पूर्वीं लहानसें खेडें. तेथें नागपूरचा फांटा फुटला व रेल्वेचे कारखाने आले. जळगांवीं कापसाचा व्यापार वाढला, आणि १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हां पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणेंहि तेंच झालें. सर्व कांहीं एकट्या रेल्वेनें घडविलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें गाडी थांबते तेथें व्यापार थांबतो, आणि व्यापारामागून माणसें येतात, हें नाकारतां येणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ही उणीव केव्हांच भरून निघाली. सुरतेहून कलकत्त्याकडे जाणारा, पूर्वीं ६ क्रमांकाचा व आतां ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नशिराबादेवरूनच जातो. तो चौपदरी झाला आहे. सिमेंटचा कारखाना आहे, टोलनाका आहे. मग आणखी काय हवें?

आमच्या मतें येथेंच विचाराची चूक होते. मार्ग गांवाजवळून जाणें आणि मार्ग गांवाचा होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. नागपुरास निघालेल्या मालमोटारीस नशिराबाद हें केवळ एक नांव आहे. गांवच्या विद्यार्थिनीचे प्रश्न निराळे : शाळेच्या वेळेवर गाडी येते काय? आली तर थांबते काय? भरधाव वाहनांतून रस्ता निर्धास्तपणें ओलांडतां येतो काय? आणि दिवेलागणीच्या आंत घरीं पोंचतां येतें काय?

राज्याची एस. टी. १९४८ सालीं पुणें-अहमदनगर मार्गावर प्रथम धांवली, ती खेडीं जोडण्याच्या ब्रीदानें वाढली. अहिल्याबाई होळकर योजनेखालीं ग्रामीण भागांतील मुलींस बारावीपर्यंत शाळेच्या प्रवासाचा पास विनामूल्य मिळतो. ही सवलत स्तुत्य आहे. परंतु पास हातीं असून गाडी न थांबेल, तर तो कागदच होय. आणि येण्याजाण्याची अडचण पडली म्हणजे घरांतून प्रथम शाळा सुटते ती बहुधा मुलीची. पालकांनीं हें मनांत आणावें, आणि मुलीस घरीं बसविण्यापूर्वीं गाडीसाठीं चार घरांनीं मिळून अर्ज करावा. नशिराबादेस आतां नगरपरिषद आहे; तेथें हा प्रश्न नेणें हा नागरिकांचा हक्कच आहे.

विद्यार्थ्यांसहि आमची एक सूचना आहे. सरकारी शिरगणती दहा वर्षांनीं व्हावयाची; तुम्ही आपली लहानशी शिरगणती या सुटींतच करा. आपल्या गांवाहून शाळेस किती मुलें-मुली जातात, कशानें जातात, वाटेंत किती वेळ मोडतो, आणि कितीजणांनीं वाटेपायीं शाळा सोडली, हें वहींत लिहून काढा. तो आंकडा घेऊन वडील मंडळी अर्ज करतील, तर त्यास निश्चित वजन येईल. गांवाची थोरवी जवळून किती गाड्या गेल्या यावरून ठरत नाहीं. किती मुलें त्यांत बसून शिकावयास गेलीं व सुखरूप परत आलीं, यावरून ठरते.