दानचिंतामणी अत्तिमब्बे : एका कुलमातेचे शास्त्रदान

श्रावकाच्या नित्य कर्तव्यांत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी पहिल्या दोन दानांची उदाहरणे प्रत्येक व्यापारी पेठेत आढळतात. शास्त्रदानाचा विषय निघाला, की दहाव्या शतकातील एका श्राविकेचे स्मरण प्रथम होते. कर्नाटकात ‘दानचिंतामणी’ या बिरुदाने गौरविलेल्या अत्तिमब्बे त्या होत.

अत्तिमब्बे यांचे माहेर वेंगी प्रदेशातील. पिता मल्लप आणि चुलते पुन्नमय्य हे दोघे बंधू पराक्रमी तसेच विद्याप्रेमी होते. आपले गुरू जिनचंद्र यांच्या स्मरणार्थ त्यांनी महाकवी पोन्न यांच्याकडून सोळाव्या तीर्थंकरांचे चरित्र, ‘शांतिपुराण’, रचवून घेतले. अशा घरात वाढलेल्या अत्तिमब्बे आणि त्यांची धाकटी बहीण गुंडमब्बे या दोघींचा विवाह चालुक्य सम्राट तैलप यांचे सेनानी नागदेव यांच्याशी झाला.

नागदेव अकाली निवर्तले. तत्कालीन रूढीस अनुसरून गुंडमब्बे यांनी पतीच्या चितेत प्रवेश केला. अत्तिमब्बे यांच्या पदरी पुत्र अण्णिगदेव होता. एकाच दिवशी पती आणि पाठची बहीण गमावलेल्या त्या स्त्रीपुढे दोन मार्ग होते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अग्निपाताची गणना लोकमूढतेत केली आहे. अत्तिमब्बे यांनी जगण्याचा मार्ग पत्करला. व्रते स्वीकारली, पुत्राला वाढविले आणि घराण्याची संपत्ती धर्मकार्याकडे वळविली.

वडिलांनी रचवून घेतलेले ‘शांतिपुराण’ नामशेष होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या एक हजार प्रती करवून घेतल्या व त्या वाटल्या. छापखाना नसलेल्या काळी या संकल्पाचा अर्थ काय होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. ताडाची पाने उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करावी लागत. लेखनिक लोखंडी कंठाने एकेक अक्षर कोरी. मग त्यावर काजळी चोळून अक्षरे उठावदार करीत. पानांना छिद्रे पाडून ती दोऱ्यात ओवीत. एवढे करूनही दमट हवा आणि कसर यांपुढे पोथी किती पिढ्या टिकेल याची शाश्वती नसे. मूळ पोथी जीर्ण होण्यापूर्वी नवी प्रत झाली नाही, तर ग्रंथच संपे.

जुन्या काव्याच्या रक्षणाबरोबर त्यांनी नव्या काव्यासही आश्रय दिला. मुधोळच्या बांगड्यांचा व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबात 949 साली जन्मलेले रन्न हे कन्नड साहित्याच्या रत्नत्रयांपैकी एक. अत्तिमब्बे यांच्या प्रेरणेने त्यांनी 993 साली ‘अजितपुराण’ पूर्ण केले आणि त्यात या आश्रयदात्रीचे चरित्रही गुंफले. रन्न यांनी आपल्या कन्येचे नाव अत्तिमब्बे ठेवले होते. कवीची कृतज्ञता याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही.

गदगजवळील लक्कुंडी येथे अत्तिमब्बे यांनी उभारलेले जिनालय आजही यात्रेकरूंना दर्शन देते. तेथील शिलालेख 1007 सालचा आहे. काव्य आणि शिलालेख यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. पतिनिधनानंतरही त्यांचे कर्तृत्व किती दीर्घकाळ चालू राहिले याची साक्ष त्यातून मिळते. त्यांनी सुवर्णाच्या, रत्नजडित अशा दीड हजार जिनप्रतिमा घडवून दिल्याचे परंपरा सांगते. कर्नाटक शासन त्यांच्या नावाने कर्तृत्ववान स्त्रियांना पुरस्कार देते.

हजार प्रतींचे महत्त्व उमगण्यासाठी ‘धवला’ टीकेचा इतिहास आठवावा. षट्खंडागमावरील या महान टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्री येथेच जपली गेली होती. ती नष्ट झाली असती, तर सिद्धांताचा मोठा ठेवा कायमचा लोपला असता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आदी श्रावकांनी प्रती करविण्यासाठी खटपट केली, तेव्हा कोठे तो ठेवा मूडबिद्रीबाहेर आला. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून 1939 साली प्रकाशित झाला. अत्तिमब्बे यांनी नऊ शतके आधी जे ओळखले होते, तेच येथेही पटले : ग्रंथ एकाच कपाटात असणे धोक्याचे असते.

आज अनेक घरांत आजी-पणजींच्या हस्ताक्षरातील स्तवनांच्या वह्या, जुन्या पूजेच्या पोथ्या आणि व्रतकथांची बाडे माळ्यावर पडून आहेत. त्या कुलमातांच्या पुण्यतिथीस भोजन व दान होतेच. येत्या श्रुतपंचमीला त्यांतील एखादी वही झटकून, तिच्या दोन-चार प्रती करून लेकी-सुनांच्या घरी दिल्या, तर त्यांचे स्मरण एका दिवसापुरते उरणार नाही. खर्च अल्प आहे. मात्र कागद आणखी पिवळा पडण्यापूर्वी हे व्हावे.