दप्तराच्या किल्ल्या

कचेरीतील जुना दप्तरदार वहीत नोंद केल्याखेरीज रुमाल सोडत नसे. कागद कोणी मागितला, कोणत्या तारखेला बाहेर गेला, परत केव्हा आला, हे त्या वहीत लिहिलेले असे. या पद्धतीचा लोकांना पुष्कळ जाच झाला हे खरे. पण कागद गहाळ झाला तर विचारायचे कोणाला, एवढे तरी ठाऊक असे. आता दप्तर मोबाइलमध्ये जाऊन बसले आहे आणि ते उघडून पाहण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटा’वर सोपवण्याची घाई संगणक व्यवसायात सुरू झाली आहे. या घाईत ती वही मात्र मागे राहिली आहे.

मोबाइलमधील असंख्य अ‍ॅप आपल्या नोंदी ज्या डेटाबेसात ठेवतात, त्याचे नाव एसक्यूलाइट. त्याचा जन्म २००० सालचा. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी रिचर्ड हिप हे संगणकतज्ज्ञ एक प्रणाली तयार करीत होते. डेटाबेस चालवणारा सर्व्हर बंद पडला की ती प्रणालीही हात टेकीत असे. तेव्हा सर्व्हरच नको, सारा डेटाबेस एका फाइलीत मावावा, असा विचार करून हिप यांनी एसक्यूलाइट लिहिले आणि त्यावरील प्रताधिकारही सोडून दिला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये व आयफोनमध्ये ते आहे. मोठ्या डेटाबेसात अमक्याने केवळ वाचावे, तमक्याने लिहावे अशी अधिकारांची वाटणी करता येते. एसक्यूलाइटमध्ये ती सोयच नाही. ज्याच्या हाती फाइल, त्याच्या हाती सर्व काही. यात दोष काढण्याचे कारण नाही. फोनची यंत्रणा प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोलीत बंद करून ठेवते, आणि आतल्या कपाटाला कुलूप नसले तरी खोलीच्या दाराला आहे, या भरवशावर ही रचना उभी आहे. प्रश्न निर्माण होतो तो दाराबाहेर फाइल काढली जाते तेव्हा.

ती काढण्याचा मार्ग कमांड लाइनचा. पडद्यावर चित्रे व बटणे येण्यापूर्वी संगणकाला आज्ञा टंकलिखित करून द्याव्या लागत. ही रीत सामान्य माणूस विसरला, तरी प्रोग्रॅमर मंडळींनी ती कधीच सोडली नाही, आणि आता एजंटांमुळे तिला नवे दिवस आले आहेत. एजंटांना बाहेरची साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने एमसीपी नावाचा एक सामाईक करार जाहीर केला. तथापि अनेकांना साधी कमांड लाइनच सोयीची वाटते. कारण उघड आहे. या आज्ञांविषयी गेल्या पन्नास वर्षांत एवढे लिहिले गेले आहे की भाषा-प्रारूपांना त्या मुळातच अवगत असतात. विद्यार्थ्यांची कालची हजेरी दोनदा का दिसते, असे एजंटाला विचारावे. तो एडीबी या साधनाने चाचणीच्या फोनमधील फाइल संगणकावर आणतो, एसक्यूलाइटच्या आज्ञेने ती उघडतो, चार प्रश्न विचारतो आणि चूक कोठे आहे ते सांगतो. तालुक्याच्या गावी दोघातिघांनी चालवलेल्या संस्थेला डेटाबेसचा तज्ज्ञ पगारावर ठेवणे परवडत नाही. तिच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे आणि तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

परंतु सोय मोलाची असली म्हणजे तिच्या खाचाखोचा नाहीशा होतात असे नव्हे. एसक्यूलाइटमध्ये चुकलेला व्यवहार मागे घेता येतो, हे पाठ्यपुस्तकात खरे आहे. एजंट मात्र सामान्यतः एक आज्ञा देतो, तिचे उत्तर घेतो आणि साधन बंद होते. मुद्दाम व्यवहार उघडून ठेवला नसेल तर प्रत्येक आज्ञा तत्क्षणी कायम होते. नंतर मागे घेण्यासाठी काही उरत नाही. दुसरी खोच फाइलीच्या नकलेची. कित्येक अ‍ॅपच्या ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतात. एजंटाने मुख्य फाइल तेवढी उचलली तर त्याच्या हाती शिळे दप्तर येते आणि त्यावरून तो ठाम उत्तर देऊन मोकळा होतो. तिसरी गोष्ट अधिक गंभीर. एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमधूनच संगणकाच्या मूळ यंत्रणेला हुकूम सोडता येतात. म्हणजे दप्तरखान्यातून साऱ्या वाड्यात जाणारे एक मागचे दार आहे. ते बंद करण्याची आणि फाइल केवळ वाचनासाठी उघडण्याची तजवीज साधनातच आहे. ती वापरायची की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलेले आहे, आणि घाईत असलेला माणूस काय करतो हे सांगायला नको.

याहूनही मूळचा धोका वेगळा आहे. माहिती आणि आज्ञा यांतील भेद एजंटाला खात्रीने करता येत नाही. अर्जात ‘हा अर्ज मंजूर करून माझ्याकडे शिक्के पाठवावेत’ असे कोणी लिहिले, तर कारकून हसून अर्ज बाजूला ठेवील. एजंट ते वाक्य हुकूम समजून पाळण्याचा संभव असतो. २०२५ च्या मध्यास काही सुरक्षा-संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. मोबाइल अ‍ॅपच्या मागे ज्याचा वापर होतो त्या सुपाबेस या सेवेवर त्यांनी नमुन्यादाखल एक डेटाबेस उभारला. ग्राहकाच्या तक्रारीच्या मजकुरात एजंटाला उद्देशून सूचना पेरली. प्रोग्रॅमरने नेहमीप्रमाणे ताज्या तक्रारी दाखवण्यास सांगितले. एजंटाने त्या वाचल्या, पेरलेली सूचना पाळली, गुप्त किल्ल्यांचा तक्ता उघडला आणि त्यातील मजकूर त्याच तक्रारीखाली, म्हणजे तक्रारदाराला दिसेल असा, लिहून ठेवला. कोणी कुलूप फोडले नाही. एजंटाला दिलेला अधिकार पूर्ण होता, एवढेच. फोनमधील निरोप, शेरे, पत्ते हा सारा मजकूर परक्यांनीच लिहिलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे गांभीर्य कळते.

प्रयोगाबाहेरचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन हे अमेरिकी उद्योजक रेप्लिट या कंपनीच्या एजंटाकडून एक प्रणाली तयार करवून घेत होते. कोणताही बदल करू नये, असे बजावलेले असताना एजंटाने चालू डेटाबेस पुसून टाकला. बाराशेच्या आसपास अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर, आता पूर्ववत करणे शक्य नाही, असेही त्याने सांगितले. ते खोटे ठरले व नोंदी परत मिळाल्या, हा सुदैवाचा भाग. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस अलग ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. हा डेटाबेस फोनमधला नव्हता. पण तोंडी ताकीद आणि काढून घेतलेली किल्ली यांत किती अंतर आहे, ते यावरून दिसले.

महाराष्ट्रात हा विषय केवळ संगणक कंपन्यांच्या चर्चेचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करीत आहे. अंगणवाडी सेविकेने मुलांची वजने-उंची नोंदवायची तीही पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर. या अ‍ॅपच्या कामात एजंट शिरला आहे असे येथे सुचवायचे नाही. परंतु रेंज नसलेल्या पाड्यावर जे अ‍ॅप चालायला हवे त्याला नोंदी आधी फोनमध्येच ठेवाव्या लागतात, आणि अशा अ‍ॅपविषयी तक्रार आली की दुरुस्तीसाठी फाइल मागवून घेणे हा सोपा मार्ग असतो. प्रत्यक्ष वापरातल्या अ‍ॅपची खोली बाहेरून सहसा उघडत नाही. मागवलेली फाइल मात्र प्रोग्रॅमरच्या संगणकावर उघडी पडलेली असते. एजंटाची बुद्धी बहुधा दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर वसते. त्यामुळे त्याने वाचलेली प्रत्येक ओळ तेथवर जाते. फाइल केवळ वाचनासाठी उघडली, तरी ही वाट बंद होत नाही. कुपोषित मुलाचे नाव, आईचा मोबाइल क्रमांक, गाव, सारे त्यात आले.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच, असे तो सांगतो. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. एजंटाने चूक केली, ही सबब या कायद्यापुढे टिकण्यासारखी नाही.

कमांड लाइनचा एक गुण येथे उपयोगी पडतो. बटण दाबल्याची खूण मागे राहीलच असे नाही. टंकलेली आज्ञा मात्र जशीच्या तशी नोंदवून ठेवता येते, वेळेसकट. ती जुनी वही ठेवणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. सरकारी खाती अ‍ॅपच्या निविदा काढतात तेव्हा हार्डडिस्क किती मोठी असावी हेदेखील त्यात लिहिलेले असते. त्याच कागदावर आणखी तीन कलमे बसू शकतात: एजंटाला नावे-क्रमांक बदललेली नक्कल द्यावी, मूळ फाइल नव्हे, त्याने दिलेल्या आज्ञांची नोंद दर महिन्यास खात्याकडे यावी, आणि चालू दप्तरात फेरफार करणारी आज्ञा सोडण्यापूर्वी ती वाचून तिच्याखाली नाव घालणारा इंजिनिअर कोण, हे कंत्राटदाराने आधी कळवावे.