कुठंतरी पाणी मुरतंय

ताज्या रंगाचा वास हल्ली मला आवडत नाही. कोणी कौतुकाने "आत्ताच रंग काढलाय" म्हणालं की माझी नजर आपोआप छताच्या कोपऱ्याकडे जाते. सवय वाईट आहे, पण ती मला महागात पडली आहे, त्यामुळे सोडणार नाही. :-)

तर झालं असं. २०२२ च्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या रूममेटने अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुना ट्रक कॅम्पर घेतला. हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी: पिकअप ट्रकच्या हौद्यात अख्खी ठेवता येते अशी एक छोटीशी खोली. आत शेगडी, सिंक, टेबल, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला जो भाग असतो त्यात झोपायची सोय. नको असेल तेव्हा चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर ही खोली उभी करायची आणि खालून ट्रक काढून घ्यायचा. आम्ही सिएटलजवळ राहतो. रूममेटकडे पिकअप होता आणि मला डोंगर बघायची हौस. कॅम्पर १९९६ चा, किंमत ४,००० डॉलर, आतून नवं पॅनेलिंग आणि पांढराशुभ्र रंग. विकणारा म्हणाला, सगळं नवीन केलंय. आम्ही दोघेही इंजिनिअर. पण भिंतीला बोट लावून बघायचं एकालाही सुचलं नाही!

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. सिएटलला वर्षभरात मुंबईच्या निम्म्यानेही पाऊस पडत नाही. पण मुंबईचा पाऊस धो धो पडतो आणि चार महिन्यांत निघून जातो. इथला नुसता रिपरिपत राहतो, पार एप्रिल-मेपर्यंत, आणि लाकडाला वाळायला उसंतच देत नाही. नोव्हेंबरात आत कुबट वास यायला लागला. मग झोपायच्या जागेच्या वर चहा सांडल्यासारखा एक डाग दिसला. आम्ही काय केलं? सिलिकॉनची ट्यूब आणली, बाहेरच्या सांध्यावर फासली आणि डागावर रंग मारला. ऑफिसात याला 'हॉटफिक्स' म्हणतात, शुद्ध मराठीत मलमपट्टी.

मार्च २०२३ मध्ये एका शनिवारी आम्ही कॅम्पर जॅकवर उचलत होतो. माझा मित्र खाली वाकून हौद्यातली चटई सरळ करत होता. तेवढ्यात पुढच्या उजव्या कोपऱ्यात कर्र असा आवाज झाला आणि जॅकचा ब्रॅकेट बोल्टसकट दोन इंच बाहेर आला. मी ओरडलो, तो मागे सरकला, कॅम्पर एका बाजूला कलून हौद्याच्या कडेवर टेकला. कोणाला काही झालं नाही. पण कॅम्परचं वजन होतं जवळजवळ एक टन, आणि दोन सेकंदांपूर्वी त्याचं डोकं नेमकं त्याखाली होतं. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

मग मात्र कोपरा उघडला. या जुन्या कॅम्परचा सांगाडा म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लायवुड, मध्ये काचलोकर. पत्र्याचे सांधे कोपऱ्यावर एका पट्टीखाली झाकलेले असतात आणि त्या पट्टीखाली चिकट ब्युटाइल टेप असते. पंचवीस वर्षांत आमची टेप वाळून बिस्किटासारखी झाली होती. पाणी तिथून शिरत होतं, चौकटीवरून ओघळत होतं आणि डाग भलतीकडेच दाखवत होतं. डाग जिथे आहे तिथेच गळती असेल असं धरून चालणं हीच आमची पहिली चूक.

जॅक ज्या खांबाला लावलेला होता त्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड हाताने कुस्करत होतं. याला इंग्रजीत 'ड्राय रॉट' म्हणतात, पण त्यात ड्राय काही नसतं. हे बुरशीचं काम. लाकडातला ओलावा साधारण २८-३० टक्क्यांच्या वर राहिला की ती फोफावते आणि लाकडाची ताकद ज्यात असते तो भाग खाऊन टाकते. ओलावा २० टक्क्यांखाली आला की थांबते, पण लगेच मरत नाही, पुढच्या पावसाची वाट बघत बसते. म्हणजे वरून रंग मारणं हे बुरशीवर छत्री धरल्यासारखंच!

सगळ्यात वाईट काय होतं माहितेय? नवं पॅनेलिंग काढलं, तर त्याच्या मागे जुनं काळं पडलेलं प्लायवुड तसंच होतं. कोणीतरी ते बघितलं होतं. बघून त्यावर नवीन फळी ठोकली होती.

पुढचे अकरा वीकेंड त्यात गेले. आधी कॅम्पर लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवला. भिजलेली काचलोकर फेकली. कुजलेलं लाकूड जिथे संपतं तिथे न थांबता आणखी फूटभर पुढे, चांगल्या लाकडापर्यंत कापलं. पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून ओलावा १५ टक्क्यांखाली येईपर्यंत वाट पाहिली (या कामात हेच सगळ्यात अवघड). उरलेल्या लाकडाला बोरेटचं द्रावण पाजलं, फरचे नवे खांब गोंद आणि स्क्रूने जोडले, जॅकच्या बोल्टमागे लोखंडी पट्टी दिली. आणि आम्हीच फासलेलं सिलिकॉन खरवडून काढण्यात दोन अख्खे दिवस गेले, कारण जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. शेवटी सगळ्या सांध्यांना नवीन ब्युटाइल टेप. सामानाचा खर्च सुमारे ९०० डॉलर.

त्यानंतर दोन उन्हाळे कॅम्पर छान फिरला. आता खरा मुद्दा.

२०२५ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. एच-वन-बी वाल्यांना अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. सामान विकायला काढलं. कॅम्परसाठी फोनवरच ४,५०० डॉलरची ऑफर आली. फक्त मागचा डावा कोपरा आम्ही कधी उघडला नव्हता, आणि विकायच्या आठवड्यात तिथे मीटर २६ टक्के दाखवत होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पुसटसा एक डाग, तेवढाच. एका छोट्या डब्यातल्या रंगाचं काम.

रूममेट म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? आपल्याला कोणी सांगितलं होतं का?"

प्रश्न रास्त होता. खरं सांगतो, मी रंगाचा डबा आणलाही होता. तो दोन दिवस दारात पडून होता. पण त्या कोपऱ्यालाही जॅक होता, आणि मला सारखं ते वाकलेलं डोकं दिसत होतं. फरक एवढाच की या वेळी ते कोणा अनोळखी माणसाचं होतं. शेवटी मी मीटरचा फोटो काढला, "या जॅकवर उचलू नका" असं लिहिलं आणि पाठवून दिलं. ४,५०० वाल्याने पुन्हा फोन उचलला नाही. महिनाभराने एका निवृत्त सुताराने २,६०० ला घेतला. त्याने आल्याबरोबर खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून कोपऱ्यात टोचला आणि म्हणाला, चला, फोटो खरा आहे. रूममेटला मी त्याच्या ठरलेल्या वाट्याचे २,२५० दिले, कारण प्रामाणिकपणाची हौस माझी होती, त्याची नव्हती. मला उरले ३५०, तेही नोकरी नसताना.

नोकरी ५२ व्या दिवशी मिळाली. चांगलं वागल्याचं फळ वगैरे समजू नका, दोन्हीचा काही संबंध नाही.

पण माझं मत आता पक्कं झालंय. वस्तू जुनी असणं, गळणं, कुजणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाकूड आहे, पाणी आहे, हे होणारच. कुजलेलं बघून त्यावर फळी ठोकणं ही मात्र दुरुस्ती नाही. तो धोका पुढच्या माणसाच्या डोक्यावर सरकवणं आहे, आणि वर त्याच्याकडून पैसे घेणं. "आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं" हे कारण म्हणून चालत नाही. या साखळीतला प्रत्येक जण तेच म्हणत असतो.

तेव्हा मंडळी, कॅम्पर घ्या नाहीतर पुण्यात रिसेलचा फ्लॅट घ्या. सगळ्या खोल्या जुन्या आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर समजा, कुठंतरी पाणी मुरतंय. बोट लावून बघा. आणि विकायची पाळी तुमच्यावर आली, तर रंगाचा डबा उघडण्याआधी दोन दिवस दारात ठेवून बघा.

असो. माझा डबा अजून तसाच आहे. कोणाला हवा असेल तर सांगा, फुकट देईन. :-)