पंपिंग तेवढंच, पण आजार वेगळा

रिपोर्टवर "पंपिंग ३५ टक्के" दिसलं की तुम्ही विचारता, "डॉक्टर, किती वर्षं?" नुसत्या आकड्यावरून सांगू नये, असं माझं मत. लॅटिन अमेरिकेतला चागास आजार बघा. ढेकणाच्या जातकुळीतला, रक्त पिणारा किडा तो पसरवतो. बाधितांपैकी २० ते ३० टक्क्यांचं हृदय बिघडतं, तेही बऱ्याच वर्षांनी. हे रुग्ण इतर हार्ट फेल्युअरवाल्यांपेक्षा तरुण, मधुमेहही कमी. तरी मृत्यू आणि पक्षाघात जास्त! स्नायूत व्रण पडतात, ठोके बिघडतात, हृदयाच्या टोकाशी फुगा येऊन गुठळी धरते. २०१५च्या बेनिफिट चाचणीत औषधाने जंतू घटले, पण आधीच बिघडलेली हृदयं सावरली नाहीत. तिकडे ग्रामीण भागात राहून आला असाल, तर धाप लागायच्या आधीच रक्त तपासून घ्या.